पाइपाबाहेरचे पाणी

ते सेकंदाला साठ-सत्तर सेंटिमीटर वेगाने चालत. हा आकडा माझा अंदाज नाही, त्यांनी स्वतः मोजलेला होता. मलवाहिनीतले पाणी यापेक्षा हळू वाहिले तर त्यातला गाळ तळाशी बसतो, म्हणून पाइपाचा उतार निदान एवढा वेग देणारा हवा, असा नियम आहे. तो वेग कागदावर न राहता पायांत असावा, हा त्यांचा स्वतःचा नियम. परिणामी भाईंदर पश्चिमेच्या आमच्या साइट ऑफिसातून मोरव्याच्या नाक्यावर पोचायला त्यांना इतरांच्या दुप्पट वेळ लागे. रिक्षावाले थांबून "काका, बरं नाही का?" असे विचारत, आणि मी दर पन्नास पावलांवर पुढे जाऊन त्यांची वाट पाहत उभी राही. मला तेव्हा सगळीकडेच पोचायची घाई होती.

मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केले होते, विद्यापीठात दुसरी आले होते आणि एका सल्लागार कंपनीत सहा महिन्यांच्या उमेदवारीवर रुजू झाले होते. खाडीकडच्या गावांमधून तेव्हा नव्या मलवाहिन्या टाकल्या जात होत्या. पाइप टाकण्याचे काम ठेकेदाराचे, आणि ते नियमांप्रमाणे होते की नाही हे पाहण्याचे काम आमच्या कंपनीचे. कंपनीतर्फे साइटवरचा अंतिम शब्द त्यांचा होता आणि मी त्यांची साहाय्यक होते. मला मात्र मुंबईच्या मुख्य कार्यालयातल्या आराखडा विभागात जायचे होते. तिथे थंडगार खोलीत, संगणकाच्या पडद्यावर अख्ख्या शहराचे सांडपाणी वाहवून पाहता येते आणि बुटांना चिखल लागत नाही. संचालकांनी मला स्पष्ट सांगितले होते की मुर्धा गावातला टप्पा महिनाअखेरपर्यंत पुरा झाला, तर तिथली रिकामी खुर्ची माझी.

त्यांच्याविषयी साइटवर जे बोलले जाई त्यातले निम्मे थट्टेचे होते आणि सगळे खरे होते. ते सर्वांना 'तुम्ही' म्हणत. खोदकाम करणाऱ्या मजुरांना तुम्ही, चहावाल्याला तुम्ही, चरात उतरलेल्या बकरीलासुद्धा "तुम्ही बाहेर या आधी." अरे-तुरे करत ते फक्त पाइपांना. ट्रकमधून उतरलेल्या प्रत्येक पाइपावर हातोडीने टिचकी मारून कान लावत आणि आवाज बोदा आला तर "तुला घरी जायचंय वाटतं," असे म्हणून खडूने फुली मारत. दुपारचा डबा ते नव्या मॅनहोलच्या कठड्यावर बसून खात. मी नाक मुरडले तेव्हा म्हणाले होते की लाइन चालू होईपर्यंत गावात याच्याइतकी स्वच्छ जागा दुसरी नाही, आणि चालू झाल्यावर आपल्याला इथे कुणी बसू देणार नाही.

आरशाची परीक्षा तर लोक जमून पाहत. दोन मॅनहोलांमधला पाइप सरळ बसला आहे की नाही हे पाहण्यासाठी एका टोकाला दिवा धरतात आणि दुसऱ्या टोकाला आरसा. पाइप सरळ असेल तर आरशात प्रकाशाचे पूर्ण वर्तुळ दिसते. ते मॅनहोलमध्ये अर्धे उतरून, दाढीचा आरसा तिरपा धरून बराच वेळ पाहत. वर्तुळ एका बाजूने किंचित कापलेले दिसले की ठेकेदाराचा मुकादम आधीच अजिजीला येई. "साहब, थोडासा ही कटा है." त्यावर ते वर न पाहता म्हणत, "ग्रहण लागलंय. काढा." की दिवसभराचे काम उकरून पुन्हा.

मुकादमाने त्यांना भटजी हे नाव ठेवले ते काही या ग्रहणामुळे नव्हे. नाव पडले ते पंचांगामुळे. साइट ऑफिसात पालिकेच्या नियमपुस्तिकेशेजारी, त्याच खिळ्याला, त्यांनी पंचांग टांगले होते, आणि पाण्याच्या चाचणीची वेळ ते घड्याळाऐवजी त्या पंचांगात पाहून ठरवत. चाचणी साधी असते. पाइपाची दोन्ही तोंडे बंद करायची, वरच्या मॅनहोलमध्ये ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि अर्धा तास थांबायचे. पाणी मर्यादेपेक्षा जास्त उतरले तर सांधे गळतात. एवढ्या साध्या गोष्टीसाठी ते एखाद्या दिवशी सकाळी सातला माणसे बोलावत, एखाद्या दिवशी भर दुपारी, आणि एखाद्या दिवशी सगळी तयारी झालेली असताना "आज नको" म्हणून निघून जात. प्रत्येक चाचणीपत्रकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने तिथी लिहीत. छापील पत्रकात तिथीचा रकाना नव्हता. मुकादम रोज सकाळी मला विचारी, "मॅडम, आज भटजी ने मुहूरत निकाला क्या?"

विज्ञान शिकलेल्या मुलीला जेवढा राग येणे योग्य, तेवढा मला येत होता. एकदा मी सरळ विचारले, "सर, या वेळांना शास्त्रीय आधार काय?"

"पाणी," ते म्हणाले, आणि पुन्हा पंचांगात डोके घातले.

मी ती टाळाटाळ समजले. त्यांची एक रीत होती, तीही मला ठाऊक होती. नियम ते लगेच सांगत, पण नियमाचे कारण तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय देत नसत. पहिल्यांदा विचारतो तो वाद घालायला, दुसऱ्यांदा विचारतो तो काम चुकवायला, आणि तिसऱ्यांदाही आला तर त्याला ते खरंच हवं असतं, असे त्यांचे म्हणणे होते. मी दुसऱ्यांदा विचारलेच नाही. आधार नसलेल्या गोष्टीचे कारण विचारण्यात वेळ का घालवा?

मग ते भाच्याच्या लग्नासाठी दोन दिवस गावी गेले. जाताना सांगून गेले, "मुर्ध्याची चाचणी मी आल्यावर." महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. मुर्ध्याच्या त्या गल्लीतून पाइप टाकून झाला होता आणि त्यावर कमरेएवढी माती लोटली होती. तिथे तसे करावेच लागे, कारण खाजणाची दलदलीची जमीन, बाजूला जुन्या मिठागराचा कालवा, आणि रिकामा पाइप उघडा ठेवला तर चरात साठणाऱ्या पाण्यावर तो चक्क तरंगायचा. गल्लीतले लोक रोज भांडायला येत, रस्ता बंद होता म्हणून. चाचणी झाली की काँक्रीट टाकून रस्ता मोकळा करायचा होता. मुकादम म्हणाला, "मॅडम, साइन तो आप भी कर सकती हो. भटजी आएँगे, फिर पोथी खोलेंगे, फिर एक हफ्ता गया." नियमाप्रमाणे मला तो अधिकार होता. मी तो वापरला.

चाचणी मी चोख घेतली, हे आजही म्हणेन. तोंडे स्वतः तपासली, पाणी स्वतः भरून घेतले, खूण स्वतः केली. दुपारी बाराला सुरुवात केली. अर्ध्या तासात पाणी केसभरही उतरले नाही. मी पत्रकावर लिहिले: गळती शून्य. खाली सही केली. मुकादमाने सगळ्यांना वडापाव आणले, आणि मी त्याच संध्याकाळी संचालकांना फोन करून मुर्धा झाले असे सांगितले.

परतल्यावर त्यांनी पत्रक वाचले. रागावले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि विचारले, "अजिबात नाही उतरलं?"

"नाही सर. शून्य."

"नवा काँक्रीटचा पाइप तहानलेला असतो," ते म्हणाले. "चांगल्यातला चांगला पाइपही थोडं पाणी पितो. शून्य येतं तेव्हा पाइप चांगला नसतो, बाई, चाचणी वाईट असते." मग पत्रकावर बोट ठेवून, "पाइपात पाणी कुठपर्यंत होतं ते तुम्ही लिहिलंय. पाइपाबाहेर कुठपर्यंत होतं?"

बाहेर? पत्रकात तसा रकाना नव्हता. मी तसे म्हणाले. त्यांनी फाइल मिटली आणि ते पाइपांना टिचक्या मारायला निघून गेले.

तासाभरात मी मुर्ध्यात होते. त्या गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्या कोळणीचे घर होते आणि अंगणात, आमच्या पाइपापासून चार हातांवर, तिची बाव, म्हणजे लहानशी विहीर. पाणी मचूळ, भांडी घासण्यापुरते. बावीत पाणी बरेच खाली होते. आतल्या दगडांवर मात्र वरपर्यंत ओल्याची रेघ दिसत होती. मी आजीला विचारले की परवा दुपारी बाराच्या सुमाराला पाणी कुठे होते.

"परवा पुनव नव्हती का?" ती म्हणाली. "पुनवेला बाराला उधान. बाव काठाला लागते. दोरी लागत न्हाय, वाकून हातानं पानी घ्यावं." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून, "तुमच्या त्या म्हाताऱ्या सायबाला ठावं हाय. दर वेळेला येऊन बावीत डोकावतो, मंग पाइपाकडं जातो. तू शिकलेली ना गो?"

मी टेप बावीत सोडला आणि वहीत आकडे मांडले. पाच मिनिटांचे गणित होते. पौर्णिमेच्या दुपारी भरती पूर्ण चढलेली असते, आणि खाडीचे पाणी कालव्यातून, पाइपाखाली घातलेल्या वाळूतून आमच्या चरात आलेले असते. मी पाइपात जेवढ्या उंचीपर्यंत पाणी भरले, जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत ते पाइपाबाहेरही उभे होते. दार दोन्हीकडून सारख्याच जोराने ढकलले तर हलत नाही, मग त्याला कडी असो वा नसो. माझ्या पाइपाचे सांधे घट्ट होते की उघडे, याविषयी माझ्या चाचणीने काहीही सांगितले नव्हते. ती चाचणी नव्हतीच. आणि पंचांगात ते पाहत होते ती तिथी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटीची, हे खाडीकाठच्या कुठल्याही घरात पोरवयात शिकवतात. त्यांचे वडील रायगडातल्या एका खाडीवर माणसे पलीकडे नेणारी तर चालवत असत, हे मला त्यानंतर कळले.

संध्याकाळी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. चूक मला समजली होती. पण तिचे वजन समजले नव्हते. सांधा थोडा गळत असला तर काय होते, असे मी विचारले, आणि उत्तर आले नाही तेव्हा पुन्हा विचारले. मग तिसऱ्यांदा.

तेव्हा ते बोलले. तरुणपणी, दुसऱ्या एका शहरात, त्यांनीही एक लाइन अशीच पास केली होती. सांध्यातून पाणी बाहेर जाते त्याचे एवढे नाही, पण भरतीला बाहेरचे पाणी वाळू घेऊन आत येते. वाळू साठते. काही वर्षांनी लाइन तुंबते. मग ती मोकळी करायला कुणीतरी माणूस आत उतरवतात. "मी सही केली होती तिथे एकाला उतरवलं," ते म्हणाले. "वायू होता आत. बेशुद्ध काढला. वाचला तो. पण पुढे त्याला नीट काम झालं नाही. मी जातो त्याच्याकडे, दर दिवाळीला. तो मला चहा पाजतो. त्याला अजून ठाऊक नाही की सही कुणाची होती."

मी माझे पत्रक त्यांच्यासमोर सरकवले. मग मी विचारले, "सर, तुम्ही माझी चाचणी रद्द करणार?"

"सही तुमची आहे. तिच्यावर मी काट मारणार नाही. काँक्रीटची गाडी शुक्रवारी येणार आहे. तोवर तुम्ही काही केलं नाहीत तर मी फेरचाचणीचं पत्र काढेन. पाइप कसाही सुटणार नाही, त्याची काळजी करू नका." मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिले. "पण ते पत्र तुमच्याविरुद्धचं असेल. तुम्ही काढलंत तर ते पाइपाविरुद्धचं असेल."

मी घरी जाऊन विचार केला असे लिहिणे शोभून दिसेल, पण खरे म्हणजे मी हिशेब केला. खुर्ची, उमेदवारी, संचालकांना केलेला फोन हे सगळे एका पारड्यात घालून पाहिले. मला ती खुर्ची फार हवी होती. ती जाणार हे पक्के झाल्यावर, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दोन ओळींचे पत्र लिहिले: चाचणीच्या वेळी पाइपाबाहेरील पाण्याची पातळी विचारात घेतलेली नव्हती, सबब मी माझे प्रमाणपत्र मागे घेत आहे. संचालकांनी फोनवर एवढेच म्हटले की तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मुकादम डोक्याला हात लावून म्हणाला, "मॅडम, आप भी भटजी हो गईं."

फेरचाचणी चतुर्थीला सकाळी नऊला घेतली, पूर्ण ओहोटीला. पहिल्या दहा मिनिटांत पाणी वीतभर खाली गेले. पुढे पाहण्यासारखे काही नव्हते. माती उपसली तेव्हा तिसऱ्या सांध्यात रबराची रिंग पीळ पडून दुमडलेली सापडली, आणि पाइपाच्या तळाशी, लाइन अजून सुरूही झालेली नसताना, मूठभर बारीक काळी वाळू. सरांनी ती बोटांनी चोळली आणि मला दाखवली. गल्लीतले लोक संतापले. रस्ता अजून आठवडाभर बंद म्हटल्यावर त्यांनी आमचा जो उद्धार केला, त्यातला बराचसा सरांनी छत्री मिटून शांतपणे ऐकून घेतला आणि प्रत्येकाला "तुमचं बरोबर आहे, पण खाली तुमचंच पाणी जाणार आहे," असे सांगितले.

खुर्ची पुण्याहून आलेल्या एका मुलाला मिळाली. माझी उमेदवारी तीन महिने वाढली. आज मी आराखडेच करते, आणि माझे आराखडे शिकाऊ पोरांना जाचक वाटतात असे ऐकून आहे, पण तो पुढचा भाग झाला.

त्यांचे एकच वागणे मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितले. जो नियम इतका महत्त्वाचा, तो कोपऱ्यात पेन्सिलीने का? तुम्ही रजेवर गेलात की नियमही रजेवर जातो. एका माणसाच्या डोक्यात राहणारा नियम म्हणजे टेकू न दिलेला पाइप, तो आज ना उद्या खचणार. तिसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहण्याइतका वेळ चिखलाला नसतो. मी हे जरा चढ्या आवाजात बोलले असावे, कारण बाहेरचा मुकादम आत डोकावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "माझं चुकलं. तुम्ही रकाने आखा." मी दोन आखले, एक भरतीच्या वेळेचा, एक पाइपाबाहेरच्या पाण्याच्या पातळीचा, आणि त्यांनी ते पत्रक पालिकेकडे माझ्या नावाने पाठवले. वरिष्ठाने साहाय्यकाच्या नावाने कागद पाठवल्याचे उदाहरण त्यानंतरच्या नोकरीत मी फारसे पाहिलेले नाही.

दुरुस्त केलेल्या पाइपाची चाचणी अष्टमीला होती. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते, म्हणजे घड्याळात पाहाल तर माझ्या पहिल्या चाचणीचीच वेळ. मी आधी म्हातारीच्या अंगणात गेले, बावीत टेप सोडला, आकडा लिहिला, आणि त्याच्यावर पुरेसे चढेल एवढे पाणी मॅनहोलमध्ये भरून घेतले. ते कठड्याशी उभे राहून पाहत होते. मी खूण केली आणि घड्याळ लावले. दोनेक मिनिटे झाली असतील, तेव्हा ते म्हणाले, "राई गावात पाइपांचा ट्रक आलाय. मी बघून येतो."

मुकादमाने माझ्याकडे पाहिले. साहेब चालू चाचणी सोडून गेल्याचे त्याने कधी पाहिले नव्हते, मीही नाही.

"सर, आकडा?"

"लिहा तुम्ही. मी उद्या वाचेन," ते म्हणाले, आणि राईच्या रस्त्याला लागले. एकदाही मागे वळून पाहिले नाही.

अर्ध्या तासाने पाणी पाऊण बोट उतरले होते, नव्या पाइपाने प्यावे तेवढेच, मर्यादेच्या बरेच आत. मी दोनदा मोजले, आकडा लिहिला, नवे दोन्ही रकाने भरले आणि सही केली. मग मुकादमाला माती लोटायला सांगितले. साहेबांना विचारून येतो, असे तो म्हणाला नाही. त्याने माणसांना हाक दिली आणि पहिले फावडे स्वतः उचलले.